सायकलीला भीती कशाची? गर्दीची की वेगाची?

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी भाची अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आली. तिच्याबरोबर एक पेटी, दोन पिशव्या आणि गावच्या टेम्पोतून आणलेली तिची सायकल होती. सायकल तिला आठवीत असताना मिळालेली. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकल मिळते. त्या सायकलवरून तिने तीन वर्षे शाळा केली. उसाच्या ट्रॅक्टरांना वाट दिली, पावसाळ्यात चिखलातून चाके ढकलली, पंक्चर स्वतः काढायला शिकली. आणि शहरात येताच ती सायकल आमच्या जिन्याखाली गेली व तिला कुलूप लागले.

कुलूप मीच लावले, हे आधी कबूल करतो. मी विज्ञानाचा शिक्षक. तीस वर्षे मुलांना गतीचे नियम शिकवीत आलो. तरीही कुलूप लावताना मी एकही नियम आठवला नाही. ‘बाई ग, हे शहर आहे!’ एवढेच मी म्हणालो.

चारआठ दिवसांनी ती म्हणाली, “मामा, रहदारी तर मी पाहिली. पण इथे नक्की भीती कशाची धरायची, तेवढं सांगा.”

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर देता आले नाही. तिच्या दृष्टीने छत्रपती संभाजीनगर हा परमुलूखच होता. गावच्या रस्त्यावर माणसे ओळखीची, एवढेच काय, म्हशीसुद्धा ओळखीच्या. येथे रिक्षा कोणत्या क्षणी कोणत्या बाजूला वळेल ते रिक्षावाल्याच्या मनात. मागून वाजणारा भोंगा आपल्यासाठी आहे की सवयीने वाजतो आहे ते कळत नाही. हातगाडी उलट्या दिशेने येते, मोटारसायकलवाला दोन इंचांवरून कट मारून जातो. अशा परक्या मुलखात रोज सायकल चालवायची, तर प्रत्येक गोष्टीची भीती बाळगून चालत नाही. भीतीचीही निवड करावी लागते. खरा धोका कोणता आणि नुसता गोंधळ कोणता, हे वेगळे काढावे लागते. हे काम विज्ञानाचे आहे, असे मला त्या दिवशी प्रथम वाटले.

आमचे घर सिडकोत, तिचे महाविद्यालय औरंगपुऱ्यात. अंतर पाच-सहा किलोमीटर. जायला वाटा दोन. पहिली जालना रस्त्याने: सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका, क्रांती चौक आणि मग पैठण गेटकडे वळायचे. रुंद रस्ता, मध्ये दुभाजक, चौकाचौकांत सिग्नल, वर उड्डाणपूल. दुसरी वाट आतून: बजरंग चौक, आझाद चौक, रोशन गेट, चंपा चौक, शहागंज, सिटी चौक, गुलमंडी. या वाटेवर काय नाही ते विचारा. केळ्यांच्या गाड्या आहेत, शाळेच्या रिक्षा आहेत, दुकानापुढे आडव्या लावलेल्या दुचाकी आहेत, मधोमध उभे राहून गप्पा मारणारे दोन मित्र आहेत, आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही.

घरात सर्वांचे एकमत झाले. मुळात सायकल नकोच. पण हट्टच असेल तर जालना रस्त्याने जावे, गुलमंडीच्या वाटेला जाऊ नये. माझेही हेच मत होते. आज माझे मत याच्या नेमके उलट आहे, आणि त्याचे कारण नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेले आहे.

मित्रांनो, गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला पाठ असेलच. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि त्याची निमपट करायची. परीक्षेत आपण ते लिहितो आणि रस्त्यावर उतरताना वहीतच ठेवून जातो. आता ते बरोबर घेऊ. समजा, भाचीचे आणि तिच्या सायकलीचे मिळून वस्तुमान ६५ किलोग्रॅम आहे आणि ती ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे ५६० ज्यूल. आता १,००० किलोग्रॅमची एक मोटार घ्या. ताशी २० किलोमीटरला तिची ऊर्जा होते सुमारे १५,४०० ज्यूल. ताशी ६० किलोमीटरला सुमारे १,३८,९०० ज्यूल. वेग तिप्पट झाला, ऊर्जा नऊपट झाली. मोटार तीच, चालक तोच, रस्ता तेवढा बदलला.

ज्यूलमध्ये सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून दुसऱ्या मापाने सांगतो. एखादा वेग म्हणजे किती उंचीवरून पडल्यासारखे, हे काढता येते. वेगाचा वर्ग करावा आणि गुरुत्व त्वरणाच्या दुपटीने भागावा. ताशी २० किलोमीटर म्हणजे साधारण १.६ मीटरवरून पडणे. ओट्यावरून पडलात, गुडघे फुटले, रडत घरी आलात. ताशी ३० म्हणजे साडेतीन मीटर. पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून. ताशी ५० म्हणजे ९.८ मीटर, तिसरा मजला. आणि ताशी ६० म्हणजे १४.२ मीटर, चौथ्या मजल्याहूनही उंच. आपण मुलांना चौथ्या मजल्याच्या कठड्याजवळ फिरकू देत नाही. पण चौथ्या मजल्याच्या वेगाने जाणाऱ्या वाहनांच्या शेजारी, कोणताही कठडा नसताना, त्यांनी सायकल चालवावी आणि ‘जपून चालव’ एवढे सांगितले की आपले कर्तव्य संपले, असे समजतो.

आता थांबण्याचा हिशेब पाहा. पुढे काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा सुमारे एक सेकंद जातो. त्या सेकंदात वाहन पूर्वीच्याच वेगाने धावत असते. नंतर ब्रेक लागतो आणि घर्षणाने वेग कमी होतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी २० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे ८ मीटरांत थांबते, ताशी ३० चे १३ ते १४ मीटरांत, ताशी ५० चे २८ मीटरांत आणि ताशी ६० चे ३७ मीटरांत. पहिल्या पावसाने रस्ता निसरडा झाला असेल किंवा कडेला वाळू पसरली असेल, तर ही अंतरे आणखी वाढतात.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. ती मला स्वतःला गणित करताना प्रथम दिसली आणि मी पेन खाली ठेवले. दोन मोटारी शेजारून चालल्या आहेत, एक ताशी ३० ने, दुसरी ५० ने. चौदा मीटरांवर एक मुलगी अचानक सायकलसह आडवी आली. दोघा चालकांनी तिला एकाच क्षणी पाहिले. पहिली मोटार तिच्या अलीकडे थांबते. दुसरीच्या चालकाचा पाय त्या वेळी ब्रेकवर पोचत असतो. मोटारीचा वेग मुळीच कमी झालेला नसतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका आघात जसाच्या तसा होतो. चालक चांगला की वाईट, मुलगी सावध की वेंधळी, याचा येथे काही संबंध नाही.

राहिला सापेक्ष वेग. भाची ताशी १५ किलोमीटरने चालली आहे. तिच्या मागून ताशी २० ने रिक्षा आली, तर तिच्या दृष्टीने ती ताशी ५ च्या, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जवळ येते. वळून पाहायला, कडेला व्हायला, रिक्षावाल्याशी दोन शब्द भांडायलाही वेळ असतो. जालना रस्त्यावर मागून ताशी ६० ने येणारे वाहन तिच्याजवळ ताशी ४५ ने येते, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. घंटी वाजवायला अंगठा उचलेपर्यंत ते येऊन गेलेले असते. रुंद रस्त्यावर सायकलस्वाराला जे कापरे भरते ते भित्रेपणाचे लक्षण नव्हे. शरीराने हे गणित सोडवलेले असते.

गुलमंडीत कोणी ताशी ६० ने जाऊ शकत नाही. इच्छा असली तरी नाही. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हाच्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या, बैलांच्या आणि घोड्यांच्या वेगाने आखल्या गेल्या. पुढे तटबंदी झाली, बावन्न दरवाजांचे शहर म्हणून त्याचे नाव झाले. जे दरवाजे उरले त्यांच्यातील काहींच्या कमानींखालून वाहने वर्षानुवर्षे एकेक करून, एकमेकांची तोंडे पाहत पार होत आली. मकाई दरवाजाशी किंवा बारापुल्ला दरवाजाशी समोरासमोर अडकलेल्या वाहनांचा गोंधळ ज्याने पाहिला आहे, त्याने एक गोष्टही पाहिली असेल: तेथे सर्वजण चिडलेले असतात, पण कोणी जोरात नसतो. सतराव्या शतकातील गवंड्यांनी न कळत उत्तम गतिरोधक बांधून ठेवले. सिडकोने १९७० च्या दशकात आखलेली वस्ती आणि तिला जोडणारा रुंद रस्ता मात्र मोटारीच्या मापाचा आहे.

मी लहान असताना चिकलठाण्याच्या कारखान्यांची पाळी सुटली की याच जालना रस्त्यावर सायकलींचा लोंढा येई. कामगारांचे डबे हँडलला लटकलेले, कॅरियरवर भाजीची जुडी. तेव्हा लोंढाच सायकलींचा असल्यामुळे रस्त्याचा वेगही सायकलीचा होता. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. आपले शहर देशाला दुचाकी पुरवू लागले आणि स्वतःही दुचाकीवर बसले. त्यात वाईट काही नाही. अनेक घरांत त्या कारखान्यांमुळे दोन वेळची चूल पेटली. पण रस्त्याचा वेग वाढला आणि सायकल कडेला, कडेवरून गटाराच्या झाकणावर आणि तेथून जिन्याखाली गेली.

उड्डाणपुलांचीही एक गंमत सांगतो. समजा, पूल सहा मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर एखादे वाहन क्षणभर थांबले आणि इंजिन बंद ठेवून उतारावरून घरंगळत निघाले. घर्षण सोडून दिले, तर पायथ्याशी त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटर होईल. हे नुसते स्थितिज ऊर्जेचे दान! प्रत्यक्षात वाहन आधीच वेगात असते. सायकलस्वार पुलावर सहसा जात नाही, कारण ६५ किलोग्रॅम वस्तुमान सहा मीटर चढवायचे म्हणजे ३,८०० ज्यूलचे काम स्वतःच्या मांड्यांनी करायचे. तो पुलाखालच्या बाजूच्या रस्त्याने जातो. आणि जेथे पूल संपतो, तेथे हा पेडल मारीत मुख्य रस्त्याला मिळतो आणि नेमकी त्याच जागी वरून वाहने वेग घेऊन उतरतात. ज्यांनी पुलाचे नकाशे काढले, त्यांच्यापैकी एकाने जरी एक दिवस सायकलने ये-जा केली असती, तर या जागेचा विचार झाला असता असे मला वाटते.

कोणी म्हणेल, गुरुजी गुलमंडीचे गुणगान करू लागले. तसे नाही. त्या वाटेवर धूर आहे. सायकल चालवताना आपण रिक्षात बसलेल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट हवा छातीत घेतो, त्यामुळे धूरही जास्त जातो. अंध माणसाला, काठी टेकीत चालणाऱ्या आजोबांना तेथे चालणे हा छळ आहे, आणि आग लागली तर बंब पोचणार कसा हा प्रश्न खराच आहे. शिवाय गर्दीत सायकल सावकाश चालवणे हे कौशल्याचे काम आहे. सायकल वेगात असेल तर बरीचशी आपली आपण तोल सांभाळते. एका बाजूला कलली की पुढचे चाक त्याच बाजूला वळते आणि सायकल सावरते. पूर्वी याचे सारे श्रेय फिरणाऱ्या चाकांच्या भोवरा-परिणामाला देत. २०११ मध्ये काही संशोधकांनी एक अशी सायकल बनवली की जिच्यात तो परिणाम उलट फिरणाऱ्या चाकांनी रद्द केलेला होता, तरीही ती स्वाराशिवाय ढकलली असता तोल सावरीत गेली. म्हणजे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. पण ही स्वयंस्थिरता साधारण ताशी १५ ते २० किलोमीटरच्या आसपास येते. गुलमंडीत तुम्ही ताशी सहाने जाता. तेथे तोल पूर्णपणे तुमचा तुम्हांलाच धरावा लागतो, हँडल सारखे डावीउजवीकडे करावे लागते. भाचीने पहिल्या आठवड्यात एका फुलवाल्याच्या टोपलीत पुढचे चाक घातले. त्याने तिला चार शब्द ऐकवले, झेंडूची फुले दोघांनी मिळून गोळा केली आणि प्रकरण संपले. मला हाच मुद्दा मांडायचा आहे. त्या वाटेवरच्या चुका टोपलीवर निभावतात.

नेदरलँड्समध्ये हान्स मोंडरमन (१९४५–२००८) नावाचे एक वाहतूक अभियंते होऊन गेले. त्यांनी ड्राख्टन गावातील एका गजबजलेल्या चौकातून सिग्नल काढून टाकले. लोकांना वेडेपणा वाटला. मोंडरमन यांचा विचार असा होता की, चालकाला सिग्नल दिसला की तो दिव्याकडे पाहतो, माणसांकडे पाहत नाही. दिवा नसला की त्याला वेग कमी करून इतरांच्या डोळ्यांत पाहावेच लागते. अंध व्यक्तींच्या संघटनांनी अशा रचनांवर आक्षेप घेतले, आणि ते योग्य आहेत. पण गुलमंडीत पिढ्यानपिढ्या जे चालत आले, ते कोणा अभियंत्याने मुद्दाम करून पाहिले, हे वाचून मला हसू आल्याशिवाय राहिले नाही.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील शंभरापैकी सुमारे ७१ मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून ‘अतिवेग’ लिहिलेले आहे. हा आकडा जरा जपून घ्यावा, कारण कारणाचा रकाना अपघातानंतर घाईने भरला जातो आणि तेथे रस्त्याच्या रचनेचा दोष सहसा लिहीत नाहीत. तरीही दिशा स्पष्ट आहे. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. २०१८ च्या अधिसूचनेनुसार महानगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवण्यात आली. राज्यांना ती कमी करता येते. ताशी ७० चे गणित उंचीच्या मापात तुम्हीच करून पाहा. उलट, फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात म्हटले आहे की, जेथे पादचारी व सायकलस्वार वाहनांत वारंवार मिसळतात, तेथे वेग ताशी ३० च्या वर असू नये.

“ते परदेशात! आपल्याकडे शिस्तच नाही,” हे उत्तर मी शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे. त्यांना मी हॉलंडचीच हकीकत सांगतो. आज सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्या देशातही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि सायकली हटल्या. १९७१ मध्ये तेथे रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा पालक आणि मुले रस्त्यावर उतरली. ‘मुलांची हत्या थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. डेल्फ्टसारख्या शहरांत वस्तीतले रस्ते मुद्दाम नागमोडी केले, मध्ये झाडे लावली, गाड्यांना माणसाच्या चालीने जायला लावले. १९७६ मध्ये अशा रस्त्यांना कायद्याने मान्यता मिळाली. डच माणूस जन्मतः शिस्तीचा म्हणून हे घडले नाही. रस्ता असा बांधला की जोरात जाताच येऊ नये.

म्हणूनच नुसत्या पाट्यांवर माझा विश्वास नाही. ‘वेगावर नियंत्रण ठेवा’ ही पाटी वाचायलासुद्धा वेग कमी करावा लागतो! २०२० मध्ये केंद्र शासनाने सायकलीला चालना देण्यासाठी शहरांची स्पर्धा जाहीर केली आणि आपल्या शहरानेही तीत भाग घेतला. असे उपक्रम मला आवडतात. पण डांबरावर रंगाने आखलेली पट्टी म्हणजे सायकलीची वाट नव्हे. रंगाला घर्षण असते, आडवण्याची शक्ती नसते. आठ दिवसांत तिच्यावर चहाची गाडी आणि चार दुचाकी उभ्या राहतात. माझे मागणे दोन प्रकारचे आहे. जेथे शाळा, महाविद्यालये आणि बाजार आहेत, तेथे रस्त्याची रचनाच अशी असावी की वेग ताशी ३० च्या वर जाऊ नये: उंच केलेले पादचारी मार्ग, अरुंद केलेली तोंडे, वळणे. आणि जालना रस्त्यासारख्या ठिकाणी वेग हवाच असेल, तर सायकलीची वाट दगडी कठड्याने वेगळी करावी, चौकातसुद्धा. वेग आणि सायकल एकाच डांबरावर नांदवण्याचा तिसरा मार्ग मला तरी पदार्थविज्ञानात सापडलेला नाही.

हे सगळे कोणासाठी, असेही विचारतात. आता सायकल चालवतो कोण? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरापैकी ४५ कुटुंबांकडे सायकल होती. स्कूटर-मोटारसायकल २१ कुटुंबांकडे. चित्र नंतर बदलले असेल, तरी ज्यांच्याजवळ दुसरे वाहन नाही अशी घरे आजही पुष्कळ आहेत. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. त्याचा अभ्यास झाला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. ज्या वस्तूने मुलगी शाळेत पोचते, तीच वस्तू शहराच्या वेशीवर आली की आपण तिला कुलूप लावतो. मग ती मुलगी शेअर रिक्षाच्या कडेवर अर्धी बसून जाते, किंवा मामाच्या स्कूटरसाठी वाट पाहत दारात उभी राहते. पहिला तास चुकतो. चारदा चुकला की घरचे म्हणतात, एवढी दगदग कशाला?

भाचीने आणि तिच्या वर्गातील चौघांनी पावसाळा संपल्यावर एक मोजणी केली. ती तुम्हीही करू शकता. पदपथावर, रस्त्याला लागून नव्हे, टेपने ५० मीटर अंतर मोजून दोन खडूच्या खुणा करा. एकाने पहिल्या खुणेशी हात वर करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या खुणेशी घड्याळ धरायचे, मोबाईलमधले चालेल. वाहनाला हे अंतर कापायला जितके सेकंद लागले, त्या संख्येने १८० ला भागा, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. नऊ सेकंद लागले तर २०, सहा सेकंद लागले तर ३०, तीनच लागले तर ६०. घड्याळ दाबण्यात पाव सेकंदाची चूक सहज होते, म्हणून एकाच वाहनावर भिस्त न ठेवता निदान पन्नास वाहने मोजा आणि सरासरीबरोबर सर्वांत मोठा आकडाही लिहा. सायकलस्वाराला सरासरी धडक देत नाही. नंतर शहराच्या नकाशावर प्रत्येक रस्ता त्याच्या वेगाप्रमाणे रंगवा: ३० च्या आत हिरवा, ३० ते ४५ पिवळा, वर लाल. आमच्या मुलांच्या मोजणीचे आकडे मी येथे मुद्दामच देत नाही. ती दोन दिवसांची मोजणी होती, आणि तुमच्या गावचे रस्ते तुम्हीच मोजलेले बरे. शिक्षकांना विनंती की वर्गाचा एक प्रकल्प म्हणून हे जरूर घ्यावे आणि तयार झालेला नकाशा कपाटात न ठेवता महानगरपालिकेत किंवा नगरपरिषदेत नेऊन द्यावा.

कुलूप मी ऑगस्टमध्ये काढले. पहिले तीन दिवस तिच्या मागे माझी जुनी सायकल घेऊन गेलो. चंपा चौकाच्या पुढे तीच माझ्यासाठी थांबू लागली. ब्रेकचे रबर नवे बसवले, मागे लाल दिवा लावला, डोक्यावर शिरस्त्राण घ्यायला लावले. तिच्या आईचा रोज सकाळी फोन येत असे, आता आठवड्यातून येतो. उशीर झालाच तर सिटी चौकात होतो.

तिची एक मैत्रीण पुंडलिकनगरहून येते. तिचे घर जालना रस्त्याच्या पलीकडे. आमच्या नकाशावर तिच्यासाठी हिरवी वाट शोधण्यात दोघींनी एक अख्खी दुपार घालवली. हिरव्या गल्ल्या दोन्ही बाजूंना भरपूर सापडल्या, पण मधला लाल पट्टा ओलांडल्यावाचून त्या एकमेकींना जोडल्या जात नाहीत. ती अजून रिक्षाने येते.